वसई सहल : सभासदांसाठी सूचना

राम राम मंडळी,

शनिवारी रात्री जळगाव स्टेशनवर गाडीच्या अर्धा तास आधी हजर राहावे. कळण्याची भाकरी, ठेचा आणि पाणी ज्याने त्याने सोबत घ्यावे. टोपी विसरू नका. आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, तिथल्या दमट हवेत लवकर थकवा येतो.

किल्ल्यातली बरीच चर्च आता बिनछपराची आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. मागच्या वेळी आपल्यातलेच काही जण त्यावर डबे उघडून बसले, मला फार वाईट वाटलं. खाली माणसं पुरलेली आहेत. कृपा करून कडेने चाला, वाकून अक्षरं बघा.

गोन्सालो गार्सिया हे संत वसईचेच. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला ते हुतात्मा झाले. त्यांच्या नावाचं चर्चही आपण पाहणार आहोत. नाशिकची नारोशंकराची घंटा आपण पाहिलेली आहेच. ती चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयानंतर वसईहूनच आली.

गावातल्या चालू चर्चमध्ये रविवारी प्रार्थना असते. ती संपेपर्यंत बाहेर थांबू. आत मोबाइल बंद, फोटो विचारूनच.

नावं गुरुवारपर्यंत कळवा.