सेमीफायनल, ६५ पिच आणि तुझं कोपर

प्रिय सोन्या,

तुझ्या बेसबॉल कोचची सीझन संपल्याची ईमेल काल आली. तू पण वाचलीस हे मला कळलं, कारण जेवताना एक शब्द बोलला नाहीस आणि अर्धं ताट तसंच ठेवून वर गेलास. बोलायला आलं की तू 'आय नो, आई' म्हणून विषय बंद करतोस, म्हणून लिहितेय. मराठी शाळेत शिकलायस तेवढं वाचायला पुरेल, कुठे अडलंच तर बाबांना विचार, पण वाच मात्र पूर्ण.

ईमेलमध्ये सगळा हिशोब आहे. २३ जिंकल्या, १७ हरल्या, २ टाय, मे महिन्यातल्या टूर्नामेंटला रनर अप, आणि शेवटच्या मेरीलँडच्या टूर्नामेंटला सेमीफायनलपर्यंत. चांगला सीझन आहे रे हा, मार्चमध्ये थंडीत हात चोळत उभी असलेली टीम आठव, तेव्हा लांबून आलेला बॉल मध्येच अडवून पुढे द्यायचा साधा कटऑफ थ्रो कुणाकडे जायचा यावरून गोंधळ व्हायचा. पण तुझ्या डोक्यात फक्त शेवटची ओळ बसलीये, ६-५, आणि गाडीत तू बाबांना जे म्हणालास ते मी ऐकलंय. 'कोचने मला काढलं नसतं तर आपण फायनल खेळलो असतो.' मला त्याच वाक्यावर तुझ्याशी बोलायचंय.

स्कोअरिंग मी करते, त्यामुळे त्या मॅचमध्ये टाकलेला एकेक बॉल, म्हणजे एकेक पिच, माझ्याकडे आहे. पहिल्या तीन इनिंगमध्ये तू जवळजवळ प्रत्येक बॅटरला पहिला पिच स्ट्राइक टाकलास, कॅचरला मिट हलवावं लागत नव्हतं, तुझ्या मागे शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस नुसते उभे होते. मग चौथी इनिंग. २४ पिच एकाच इनिंगमध्ये, तीन बॅटर्सना फुल काउंट (तीन चुकीचे बॉल, दोन स्ट्राइक), दोन रन गेले. पाचव्यात पहिला आउट मिळाला, पुढच्याला वॉक, म्हणजे चार चुकीचे बॉल टाकून फुकट फर्स्ट बेस, आणि तेव्हा तू पिचरच्या उंचवट्याच्या, माउंडच्या मागे गेलास, ग्लोव्ह काखेत धरलास आणि डाव्या हाताने उजवं कोपर चोळलंस. दोनदा. तुला वाटलं असेल कुणी बघितलं नाही. मी बघितलं आणि कोचनेही बघितलं, कारण ते तेव्हाच डगआउटच्या पायरीवर येऊन उभे राहिले. तुझे तेव्हा ६५ पिच झाले होते आणि आपण ४-२ ने पुढे होतो.

तुझं म्हणणं मला कळतं, टूर्नामेंटच्या नियमाने तू अजून टाकू शकला असतास. तिथे पिच मोजत नव्हते, इनिंग मोजत होते, आणि तुझ्या इनिंग शिल्लक होत्या. पण इनिंग मोजून हाताचं काय कळतं? एक इनिंग ९ पिचची असते आणि एक २४ ची, कागदावर दोन्ही सारख्याच. म्हणून तर मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलने मिळून २०१४ मध्ये मुलांनी किती पिच टाकावेत हे सांगणारं पिच स्मार्ट काढलं, त्यात ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच सांगितलेत, आणि ५१ ते ६५ टाकले तर मध्ये तीन दिवस सुट्टी, ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस. ८५ हा आकडा म्हणजे त्याच्यापुढे जाऊच नका अशी रेष आहे, रोज तिथपर्यंत पोचायचं असा त्याचा अर्थ नाही. आपल्या कोचने मार्चच्या पॅरेंट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं की स्टार्टरला, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरला, मी ६५ ला थांबवणार, सेमीफायनल असो की फायनल. आणि तू शनिवारी संध्याकाळी पण मॅच क्लोज करायला १८ टाकले होतेस, ते धर. शनिवारची पहिली मॅच आपण जिंकलो खरी पण शेवटच्या इनिंगला ढिलाई करून रन देऊन बसलो, टायब्रेकर रन्स अलाउडवर (कुणी कमी रन दिल्या त्यावर) होता, खालचा सीड म्हणजे क्रमांक मिळाला, म्हणून रविवारी सकाळी आठला क्वार्टरफायनल खेळावी लागली आणि पिचर्स तिथेच संपत आले. हरण्याची सुरुवात बघायची असेल तर तिथे बघ, तुझ्या हातातून बॉल घेतला त्या क्षणात बघू नकोस.

आता कोपराचं. तुझ्या वयात हाडाच्या टोकाजवळ वाढीची जागा असते, ती अजून पक्कं हाड झालेली नाही, मऊ कूर्चा आहे तिथे. मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटतं, लहान मुलाची ही वाढीची जागाच आधी दुखावते, कारण ती लिगामेंटपेक्षा कमजोर असते. लिटल लीग एल्बो म्हणतात तेच हे, कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं. तू जिथे चोळत होतास तिथेच. डॉक्टरांनी सोमवारी बघितलं, काही नाही निघालं, नुसता थकलेला हात आहे म्हणाले, आणि मला त्या दिवशी केवढं बरं वाटलं हे तुला सांगता येणार नाही. पण 'काही नाही निघालं' हे ६५ ला थांबल्यावरचं उत्तर आहे, ९० नंतर काय उत्तर आलं असतं ते मला ऐकायचंच नव्हतं.

बर्मिंगहॅम, अलाबामामध्ये एक स्पोर्ट्स मेडिसिनची इन्स्टिट्यूट आहे, त्यांनी ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचर्सचा दहा वर्षं मागोवा घेतला आणि २०११ मध्ये ते छापलं. वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर इजा व्हायची शक्यता साडेतीन पट निघाली. गंभीर म्हणजे ऑपरेशन नाहीतर खेळच सोडणे. आपल्यासारख्याच घरातली मुलं ती, त्यांचेही आईबाबा कूलर आणि फोल्डिंग खुर्च्या घेऊन शनिवार रविवार मैदानावर बसत असणार.

तुझ्या भिंतीवर पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओहतानीचं पोस्टर आहे. २०१८ मध्ये त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं, २०२३ मध्ये परत झालं. २०२४ मध्ये तो एक पिच न टाकता खेळला, ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले, आणि २०२५ च्या जूनमध्ये परत माउंडवर आला तेव्हा त्याच्या टीमने, डॉजर्सनी त्याला किती टाकू दिलं? एक इनिंग. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंपैकी एक, आणि एक इनिंग झाली की पिचिंग बंद. कुणी म्हटलं नाही की त्याच्यात दम नाही.

आजोबांना मी फोनवर सेमीफायनलचं सांगितलं. नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न 'रन किती काढल्या', मग मी पिच काउंटचं समजावलं तर लगेच म्हणाले, अगं म्हणजे बुमराहसारखंच की. बरोबर आहे त्यांचं. इंग्लंडमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात पाच टेस्ट झाल्या, बुमराह तीनच खेळला, आधीच ठरवून, आणि केवढी ओरड झाली. आणि ज्या दोन टेस्ट तो खेळला नाही, बर्मिंगहॅम आणि ओव्हल, त्याच आपण जिंकलो, ओव्हलची तर सहा रनांनी. सिराज होता, बाकीचे होते. एकाला विश्रांती दिली म्हणजे मॅच सोडून दिली असं नसतं, दुसऱ्या कुणालातरी उभं राहायची संधी मिळते. कधी तो निभावतो कधी नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटलीये. त्याच दिवशी सकाळची क्वार्टरफायनल आपण कशी जिंकलो? बावीस नंबरची जर्सी घालणाऱ्या मुलामुळे. ईमेलमधल्या स्टॅट्समध्ये तो सगळ्यात खाली आहे, बॅटिंग ऑर्डरमध्ये पण शेवटचा. त्यांचा तो उंच डावखुरा पिचर आपल्या पहिल्या चार बॅटर्सना नाचवत होता, आणि आपला बावीस नंबर, हेल्मेट डोळ्यांवर येतं त्याच्या, दोन स्ट्राइक झाल्यावर एकामागून एक फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारत सुटला. अकरा पिचचं अ‍ॅट बॅट! शेवटी वॉक घेतला. वॉक अ‍ॅव्हरेजमध्ये धरत नाहीत, म्हणजे त्या अकरा पिचचं त्याच्या नावापुढे काहीच दिसत नाही. पण त्यानंतर त्यांच्या कोचने त्या डावखुऱ्याला काढलं, आणि नवीन पिचरला तू डबल मारलास, थेट सेकंड बेसपर्यंत. तुझी डबल आहे ईमेलमध्ये. मला स्कोअरिंग करताना त्या सकाळी जेवढा आनंद झाला तेवढा पूर्ण सीझनमध्ये झाला नाही, आणि तो तुझ्या डबलच्याही आधी झाला होता. त्यांच्या कोचनेही एका मुलाचा हात वाचवला बघ, आणि ते हरले. त्या मुलाच्या आईशी मी नंतर पार्किंग लॉटमध्ये बोलले, ती पण शांत होती.

आता पुढचं, आणि यावर वाद नाही घालायचा कारण बाबा आणि मी दोघांनी मिळून ठरवलंय. फॉलमध्ये तू पिचिंग करणार नाहीस. पिच स्मार्टमध्येच तुझ्या वयाला वर्षातून चार महिने थ्रोइंग पूर्ण बंद सांगितलंय, त्यातले निदान दोन-तीन सलग. म्हणजे सप्टेंबरमध्ये फर्स्ट बेस आणि बॅटिंग, हात दुखला तर तेही नाही, आणि ऑक्टोबर लागला की जानेवारी संपेपर्यंत बॉल फेकणं बंद. इनडोअर पिचिंग क्लिनिकचा फॉर्म मी भरलेला नाही. बास्केटबॉल खेळ, पोहायला जा. कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा बॉल, शिकवतो म्हणणाऱ्या त्या दादाला सांग की आत्ता फास्टबॉल आणि हळू येणारा चेंजअपच. पुढच्या वर्षी १३ खालच्यांमध्ये माउंड ५० वरून ५४ फुटांवर जाणार, बेस ७० वरून ८० फुटांवर, तेव्हा खांदे आणि पाय लागतील तुला, नुसता हात नाही. या आठवड्यातल्या ट्रायआउटला जा, पण पिचिंगच्या रांगेत उभा राहू नकोस, कोचना मी कळवलंय आणि त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं, 'परफेक्ट'.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले. तुझ्यानंतर जो पिच करायला आला, तुझा तिसरीपासूनचा मित्र, त्याच्याशी तू हॉटेलच्या लॉबीतही बोलला नाहीस. त्याचा पहिला पिच टाकायच्या आधी फर्स्टवर जो रनर होता तो तू वॉक दिलेला होता. स्कोअरबुकच्या नियमाने तो रन तुझ्या नावावर आहे, त्याच्या नाही. पुढे एक बॉल शॉर्टस्टॉपच्या पायांतून गेला, तो एरर, त्यामुळे आणखी एक रन अनअर्न्ड, म्हणजे पिचरचा दोष न धरलेला. म्हणजे चार रन आले त्यातले त्याचे खरे दोन. सकाळी तो पूर्ण क्वार्टरफायनल कॅचर म्हणून बसला-उठला होता, गुडघ्यांवर मातीचे गोल डाग तसेच होते, आणि दुपारी त्याला थेट आगीत उभं केलं. खरं तर कॅचिंग केलेल्या मुलाने त्याच दिवशी पिचिंग करू नये, कोचलाही ते पटत होतं पण दुसरं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून त्यालाही वीस पिचच दिले. वीस! दोन रन मागे असूनही त्याने शेवटचा आउट मिळवला आणि डगआउटमध्ये येऊन बॅटबॅगमध्ये तोंड घालून बसला. त्याची आई म्हणते की तो सीझनच्या पार्टीला यायचं नाही म्हणतोय.

शनिवारी पार्टी चारला आहे. त्याचं घर रस्त्यातच आहे, आपण साडेतीनला निघू, बाबा गाडी थांबवतील, तू उतर आणि बेल वाजव. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, तुम्हा दोघांना माहितीये. त्याची ती निळी पाण्याची बाटली आपल्या गाडीत राहिलीये, ती घेऊन जा.

तुझी,
आई