सागरी बर्फ म्हणजे झाकण नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ध्रुवीय बर्फावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. या विषयाला जागा दिलीत, याचा आनंद आहे. पण बर्फाचं झाकण बसलं की समुद्र आणि हवा यांचा संबंध तुटतो, हे त्यातलं विधान खटकलं. पूर्वी असंच समजत असत.

समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. ते दाट खाऱ्या पाण्याच्या रूपात बारीक पोकळ्यांत आणि नळ्यांत साठतं, त्यातच विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही असतो. बर्फाचं तापमान साधारण उणे ५ अंशांच्या वर गेलं की या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यांतून पाणी, वायू ये-जा करू लागतात.

पुढचा भाग मी वर्गात मुलांना फार आवडीने सांगत असे. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो, कारण बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. बर्फातलं खारं पाणी गोठता गोठता इतकं दाट होतं की तिथेही हेच घडतं, तेही कडाक्याच्या थंडीत! त्या खनिजाला ग्रीनलंडच्या इक्का फियॉर्डवरून इकाइट म्हणतात. अंटार्क्टिकच्या सागरी बर्फात ते सापडल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं. इकाइटचे स्फटिक बर्फात अडकून राहतात. सुटलेला वायू मात्र जड खाऱ्या पाण्याबरोबर खाली उतरतो. उन्हाळ्यात बर्फ वितळला की स्फटिक विरघळतात, आणि त्यासाठी कार्बन डायऑक्साइड खर्च होतो. बर्फातलं शेवाळही तो वापरतं. मग वरचं पाणी हवेतून तो ओढून घेतं.

अंटार्क्टिकाभोवती हा बर्फ फेब्रुवारीत सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर असतो, तर सप्टेंबरपर्यंत १८० लाखांवर जातो, म्हणजे भारताच्या पाचपटीहून जास्त. २०२३ च्या हिवाळ्यात तो १७० लाखांच्याही आत राहिला. बर्फ स्वतःच वायूची अशी ने-आण करत असल्यामुळे, बर्फ घटला तर समुद्र उघडा पडेल आणि जास्त वायू शोषेल, एवढ्या साध्या हिशेबावर थांबता येत नाही.

लेखासोबतचं छायाचित्रही हिमनगाचं होतं. हिमनग हिमनदीतून तुटतो, तो गोड्या पाण्याचा असतो.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली होती, आणि राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आजही वास्कोला आहे. तिथल्या एखाद्या मराठी संशोधकाकडून सागरी बर्फावर सविस्तर लेख मागवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, मिरज