इकोच्या पडद्यावरची खाच

आदरणीय मॅडम,

रोज इतक्या जणांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करता, त्यात आमची आई तुमच्या लक्षात असेलच असं नाही. खूण सांगते. दोन मजले चढताना तीनदा थांबणारी, दीड वर्ष दम्याचा पंप ओढणारी आणि टेबलावर झोपल्या झोपल्या "माझं बीपी अगदी नॉर्मल आहे हं" असं तुम्हाला ठणकावून सांगणारी.

तुम्ही हसलात. म्हणालात, "आजी, दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं. फुप्फुसांचं बीपी त्या पट्ट्याला कळत नाही."

दहा मिनिटांत रिपोर्ट हातात ठेवून तुम्ही मोकळ्या झाला असतात, तरी कुणी काही म्हटलं नसतं. तुम्ही मात्र पडदा आमच्याकडे वळवलात. फुप्फुसाच्या मोठ्या धमनीतल्या प्रवाहाचा आलेख निरोगी माणसात घुमटासारखा गोल असतो. आईचा सुळकन वर जाऊन लगेच टोकाला पोचत होता आणि उतरताना मध्येच त्याला खाच पडत होती. "ही खाच म्हणजे परत आलेली लाट," तुम्ही सांगितलंत. हृदयाने ढकललेली लाट पुढच्या बारीक, जाड झालेल्या धमन्यांवर आपटते आणि मागे फिरते. मागे ती थोडीफार निरोगी फुप्फुसातही फिरते, पण क्षीण असते. आईच्या बाबतीत हृदय अजून रक्त ढकलतच असताना ती जोरात समोरून येत होती, म्हणून प्रवाह अर्ध्यात अडखळत होता.

मग तुम्ही आकडे लिहून दाखवलेला तो कागद. हृदयातून मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त शरीरभर जातं आणि तेवढंच्या तेवढं फुप्फुसांतूनही जातं. शरीराकडे पाठवायला सरासरी ९० च्या आसपास दाब लागतो, फुप्फुसांना विश्रांतीत जेमतेम १४ पुरतो. २० च्या वर गेला की आजार. (आधी ही रेघ २५ वर होती. २०१८ साली तज्ज्ञांनी ती खाली आणायचं सुचवलं.) नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नाही, १६ पट होतो, हेही तुम्ही तिथेच लिहून दाखवलंत.

मी विचारलं होतं, मग इतकी वर्षं काही जाणवलं कसं नाही? त्यावरचं तुमचं उत्तर मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलंय. फुप्फुसात रक्तवाहिन्या गरजेपेक्षा खूप जास्त असतात. बसलेल्या माणसाच्या बऱ्याचशा मिटलेल्या किंवा अर्धवट उघड्या असतात. जिना चढताना त्या उघडतात, रुंदावतात, रक्त वाढलं तरी दाब फारसा वाढत नाही. आईची ही राखीव फळी नकळत खर्ची पडत गेली होती. बसल्या जागी भागत होतं. पायरीवर पाय ठेवला की वाढीव रक्ताला वाटच नव्हती, दाब चढायचा आणि उजवं हृदय दमायचं. ते मुळात पातळ भिंतीचं, कमी दाबाच्या कामासाठी घडलेलं. हृदयाच्या दोन बाजूंमधली भिंत डावीकडे कशी दबलीय, तेही तुम्ही दाखवलंत.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर होता. वेगाचा वर्ग करायचा, त्याला ४ ने गुणायचं, म्हणजे ६४. शिवाय उजव्या वरच्या कप्प्यातला दाब त्यात मिळवायचा. गणित इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं! तरीही तुम्ही बजावलंत की हा ठोक्यातल्या सर्वांत जास्त दाबाचा, सरासरीचा नव्हे, नुसता अंदाज आहे, खरा दाब कॅथेटर म्हणजे बारीक नळी आत घालूनच कळेल आणि गुठळ्या नाहीत ना, यासाठी फुप्फुसाचं स्कॅनही हवं. दोन्ही झाली. गुठळ्या नव्हत्या. सरासरी दाब ४६ निघाला.

आता दोन गोळ्या चालू आहेत. एक नायट्रिक ऑक्साइडचं काम टिकवून रक्तवाहिन्या सैलावते, दुसरी त्यांना आवळणाऱ्या एंडोथेलिनला अडवते. आजार गेलेला नाही, हे आम्हाला कळतं. पण आई दोन मजल्यांत आता एकदाच थांबते, तेही बहुधा शेजारणीशी बोलायला.

दम्याचा पंप देणाऱ्यांवर राग धरायचा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. सुरुवातीची लक्षणं सारखीच दिसतात. राग माझा अजून पुरता गेलेला नाही, पण प्रयत्न करतेय.

तुमचा तो कागद आईच्या फायलीत सगळ्यात वर आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा इको आहे. दाब किती आहे ते मी विचारेन. आईला मात्र आधी ती खाच बघायची आहे, तेवढा पडदा तिच्याकडे वळवा.

तुमची ऋणी,
त्या आजींची मुलगी