उशिराच्या गव्हाला बी वाढवता, मग ओळी का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोड लांबली की आपल्याकडे गहू डिसेंबरात पेरला जातो. उजनीच्या कालव्यावरच्या मोहोळ, माढा, पंढरपूरकडच्या रानांत हे नेहमीचेच झाले आहे. तेव्हा पारावर एकच सल्ला मिळतो : 'उशीर झालाय, बी जरा जास्त टाका.' सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. त्या अर्ध्या सल्ल्यावर मी दोन एकरांत मार खाल्ला.

बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तर हेक्टरी 100 किलो बी आणि दोन ओळींत 22.5 सेंमी; उशिरा पेरला तर 125 किलो आणि 18 सेंमी, अशी शिफारस आहे. आपल्या मापात एकरी 40 किलो नऊ इंचांवर, नाहीतर 50 किलो सात इंचांवर. मी 50 किलो तेवढे ऐकले. सात इंच कानावरून गेले.

हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम धरून हिशेब मांडा. वेळेवरच्या पेरणीत ओळीच्या एका मीटरात 56 दाणे पडतात. उशिराच्या पेरणीतही 56च! जादा दहा किलो बी जादा ओळींत जाते, ओळीतली दाटी तीच राहते. मी मात्र नऊ इंची ओळीतच 70 दाणे कोंबले. रोपे एकमेकांच्या उरावर आणि मधली पट्टी उघडी. तिथे तण माजले, काडी बारीक राहिली आणि युरियाच्या दुसऱ्या हप्त्यानंतर वाऱ्याने गहू लोळला.

मुळात उशिरा बी वाढवायचे ते फुटवे, म्हणजे रोपाच्या बुंध्यातून निघणाऱ्या जादा काड्या, कमी येतात म्हणून. नोव्हेंबरच्या गव्हाला थंडीचे दिवस जास्त मिळतात, त्यामुळे थोडा विरळ पेरला तरी तो फुटवे धरून जागा भरून काढतो. डिसेंबरच्या गव्हाला ती सवड नाही. सोलापूरची थंडी ती केवढी, संक्रांत सरली की ऊन चटकते! मग ओंब्या किती येणार हे उगवलेल्या रोपांवरच ठरते.

आणखी एक. घरचे टपोरे बी असेल, हजार दाणे 50 ग्रॅम भरत असतील, तर त्याच 40 किलोत दाणे पाचव्या हिश्शाने कमी येतात. तेव्हा पेरणीआधी हजार दाणे मोजून वजन करावे. घरातली पोरे हे काम आवडीने करतात.

आपल्या शेती पानावर गव्हाचा सल्ला येतो तेव्हा किलोशेजारी इंचही छापावेत, ही विनंती. पेरणी यंत्रवाल्यांची अडचणही कळते. फण सात इंचांवर आणले की पट्टा अरुंद होतो, फेरे वाढतात, डिझेल जास्त जाते. म्हणून ते नाखूश असतात. त्यासाठी एकरी शंभर रुपये जास्त मागितले तर मी देईन. त्या वर्षी लोळलेला गहू कापायला मजुरीच त्याहून कितीतरी जास्त गेली.

– एक शेतकरी, ता. मोहोळ, जि. सोलापूर