शनिवारी माणूस येतोय, परत पाठवू नका

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने आज भाजी काय केली ते विचारलं असतं, म्हणून लिहितेय. तुमच्या झोपायच्या खोलीसाठी विंडो एसी घेतलाय. पैसे भरून झालेत, अर्धे दादाने दिलेत. शुक्रवारी वेल्डिंगवाला ग्रिल कापायला येईल आणि शनिवारी मशीन. दुकानदाराला सांगून ठेवलंय, काका नको म्हणतील, तरी बसवूनच या.

चिडू नका ना. गेल्या मे महिन्यात रात्री दोन वाजता कूलरमध्ये बादली ओतताना काय झालं ते मला दिवाळीत कळलं, तेही माईमावशीकडून. आई म्हणे "थोडं घसरले". थोडं घसरलेला माणूस तीन आठवडे डाव्या कुशीवर झोपत नाही का? मला बोलायचं नव्हतं यावर, पण तेव्हापासून रात्री इकडे पुण्यात पंख्याखाली पडले की तीच बादली डोळ्यासमोर येते. अकोल्याचा उन्हाळा मला काय नवीन आहे का, पण आता रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात, आणि नळ चार-चार दिवसांनी येणार तर ते पाणी तुम्ही प्यायचं की कूलरला पाजायचं? आणि जूनमध्ये ढग आले की कूलर नुसता दमट वारा फेकतो, अंग चिकचिक. कूलर काढायचा नाहीये, तो हॉलमध्ये राहील, दुपारी वाळ्याच्या ताटीसकट. फक्त रात्री बादली नाही.

स्प्लिट का नाही, हे बाबा विचारणारच. भिंतीला भोक, बाहेरचं युनिट गच्चीवर, मग ते साफ करायला कोण चढणार, तुम्हीच ना? विंडोची जाळी खोलीतूनच निघते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा टॅक्स २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणजे महाग घेतला असंही नाही. आणि आई, एक टन म्हणजे वजन नाही गं, खिडकी कोसळणार नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी तो खोलीतून बाहेर काढतो, म्हणून टन. मशीन ४५-५० किलोचं असेल, खाली लोखंडी अँगल लावणार आहेत.

आता बिल. बाबा, मी कागदावर मांडलंय, तुमच्यासारखंच. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण हजार-अकराशे वॉट घेतो, खोली गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो, मग नुसता पंखा. रात्री आठ तास धरले तर सहाएक युनिट, महिन्याला १८०. तुमचे नेहमीचे ११० धरून २९०. आणि तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं असं जे तुम्ही म्हणता ते तसं नाहीये, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, खालचे खालच्याच दराने. असो, बिल माझ्या मोबाईलवर येईल, मीच भरणार, वाद नको. फक्त १८ वर लावून गोधडी घेऊन झोपू नका. २६ वर ठेवा आणि पंखा एक-दोनवर. चालू केला की तो बहुतेक २४ दाखवेल, २०२० पासून कंपन्यांना तसंच सेट करून द्यावं लागतं, रिमोटने दोनदा वर दाबायचं. एका डिग्रीला सहा टक्के वीज वाचते असं सरकारचं ऊर्जा बचतवालं खातंच सांगतं. आईच्या गुडघ्यांवर झोत येणार नाही अशी पट्टी फिरवून घ्या, तिची खाट भिंतीकडे सरकवली तरी चालेल.

वायरिंगचं मात्र ऐका. एक्स्टेंशन बोर्डवर लावायचा नाही म्हणजे नाही! त्याला थेट मीटरबोर्डापासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, मोठा सोळा अँपियरचा प्लग, आणि अर्थिंग तपासून घ्यायचं, आपलं घर किती जुनं आहे. लाइट जाऊन आली तर लगेच बटण दाबू नका, तीन मिनिटं थांबा. स्टॅबिलायझर सोबत येतोय.

जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, सावलीत वाळवायची, हे काम आईचं नाही, बाबांचं. धूळ भरली की वारा कमी येतो, मशीन जास्त वेळ चालतं, बिल वाढतं. मागच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना तारेचा ब्रश लावायचा नाही, वाकतात. मशीन मागे जरासं उतरतं बसवायला सांगा, नाहीतर पाणी खोलीत येतं. ते पाणी मोगऱ्याला घाला, पण बाबा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत नाही, मला तुमचे उद्योग माहीत आहेत. आणि कोणी "दरवर्षी गॅस भरावा लागतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गॅस गळती असेल तरच कमी होतो, तर आधी गळती शोध म्हणावं.

एक सांगायचं टाळत होते. खिडकी. खालचा अर्धा भाग जाणार. ते ग्रिल बाबांनी स्वतः उभं राहून बनवून घेतलेलं, आणि तिथेच मांडीवर पाटी घेऊन बसून मी लूनाचा आवाज ओळखायचे, कोपऱ्यावर वळली की ओरडायचे "बाबा आले!" आई, तू संध्याकाळी शेंगा सोलत बसतेस ती पण तीच खिडकी. मी खूप विचार केला, दुसऱ्या खिडकीत बसत नाही, तिथे कपाट आहे. वरच्या अर्ध्या भागातून कडुनिंब दिसेल, काच साधीच ठेवायला सांगितलीय. कापलेला ग्रिलचा तुकडा भंगारात देऊ नका, मला हवाय.

आणि पाहुणे आले की लावायचा, एरवी टॉवेल झाकून ठेवायचा, असं करायचं नाही. मे महिन्याच्या बिलात युनिट वाढलेले दिसले नाहीत तर मला कळेल, मग मी भांडेन.

चिन्याची परीक्षा संपली की येतेच आहे. कुरडया घालायला गच्चीवर उन्हात जाऊ नकोस आई. बरं, घालच, पण सकाळी आठच्या आत, आणि थोड्याच.

तुमची,
बेबी