भिंत पुसता यायची

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा फोन आला तेव्हा मशीनवर वीस बाय दहाचा फ्लेक्स चालू होता. ‘मग बोलतो’ म्हणालो आणि राहिलंच. निवडणुकीत खोऱ्यानं ओढत असशील, असं तू म्हणालास. भावा, ते खोरं आता दुसऱ्याच्या हातात गेलंय.

मिरजकर तिकटीच्या बोळात रात्री भिंती रंगवायचो, आठवतं? तू चुना मारायचास, मी चिन्ह काढायचो. एकदा हाताच्या पंजाला सहा बोटं झाली होती आणि दोन दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही! पण त्या भिंतीवर जे लिहिलं ते अख्खी पेठ वाचायची, विरोधकसुद्धा. पटलं नाही तर रात्रीत शेण लागायचं.

मागच्या विधानसभेला, 2024 ला, एका उमेदवाराचा पोरगा दुकानात आला. ‘काका, फ्लेक्स पाचच करा, बाकी सगळं मोबाईलवर.’ लॅपटॉप उघडून त्यानं मला शहराचा नकाशा दाखवला. राजारामपुरीभोवती गोल मारला, वय निवडलं, बायका की पुरुष ते निवडलं. एकाच उमेदवाराचे तीन व्हिडिओ. पोरांना नोकरी, बायकांना पाणी, म्हाताऱ्यांना देवळाचा जीर्णोद्धार. मी म्हटलं, आईनं आणि पोरानं एकमेकांचं बघितलं तर? तर हसून म्हणतो, ‘काका, घरात कोण मोबाईल बदलून बघतंय?’

माझा जीव हिशेबात अडकतो. आमच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव टाकावं लागतं, कायद्यात 127 क म्हणून कलमच आहे. निवडणुकीचं पथक येतं, फोटो काढतं, फूट मोजतं आणि दरपत्रकाप्रमाणे रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरतं. उमेदवाराचा खर्च विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाख, त्यापुढं जायचं नाही. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, ही आपल्याकडची गंमत. फेसबुकवर पैसे भरून केलेली राजकीय जाहिरात निदान त्यांच्या जाहिरात-संग्रहात सापडते, कुणी पैसे दिले तेही दिसतं. पण ‘फक्त समर्थक’ म्हणवणाऱ्यानं व्हॉट्सॲपवर ढकललेल्या व्हिडिओची फूटपट्टी कुठून आणायची?

6 मे 2024 ला निवडणूक आयोगानं पक्षांना बजावलं, खोटा व्हिडिओ लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा. दुसऱ्या दिवशी आपलं लोकसभेचं मतदान. तीन तासांत गोष्ट गंगावेशीतून निघून गारगोटीत चहा पिऊन परत येते रे.

पैसा ओतला की मत येतं असंही नाही म्हणा. 2004 ला वाजपेयी सरकारच्या ‘इंडिया शायनिंग’ जाहिरातींवर किती उधळपट्टी झाली आणि सरकार गेलं. उलट 2019 च्या लोकसभेला आपल्याकडं ‘आमचं ठरलंय’ ही प्रचाराची घोषणा शेंबड्या पोराच्या तोंडीसुद्धा होती, ऐकताना जाहिरात वाटायचीच नाही. त्या वेळी संजय मंडलिक खासदार म्हणून निवडून आले, त्यात या दोन शब्दांचा वाटा किती ते अंबाबाईलाच ठाऊक.

आता खरी गोष्ट. तोच पोरगा आठवड्यानं परत आला. म्हणाला, ‘काका, ब्रशनं भिंत रंगवून द्या, जुना लूक पाहिजे.’ पंधरा वर्षांनी ब्रश धरला. हात थरथरला, पण अक्षर बसलं, वेलांटी तर अशी फिरली की तू असतास तर शिट्टी मारली असतीस. लोक थांबून बघत होते. त्या पोराच्या माणसांनी सगळं मोबाईलवर टिपलं, रील केली. आणि शूटिंग संपल्या संपल्या दोन पोरं बादली घेऊन आली, भिंतीला चुना मारून मोकळी. मी बघतच राहिलो. तर तो पोरगा म्हणाला, ‘भिंत राहिली तर खर्चात धरतील ना, काका.’

माझे पैसे अजून यायचेत. दिवाळीत ये, ती भिंत दाखवतो, चुन्याखालून वेलांटी जरा जरा दिसते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पेंटर