समुदाय सहभागाचा दिवस मराठवाड्यात सप्टेंबरात घेऊ द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला चार वर्षं झाली म्हणून २२ ते २८ जुलै २०२४ या काळात देशभर शिक्षण सप्ताह झाला. आमच्या शाळेनंही तो मनापासून केला. अध्ययन साहित्य, पायाभूत साक्षरता, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, कौशल्य आणि डिजिटल उपक्रम, झाडं लावणं असे सहा दिवस गेले. खेळाच्या दिवशी तर एरवी गैरहजर असणारी पोरंही घंटेच्या आधी मैदानावर होती.

सातवा दिवस समुदाय सहभागाचा. तो रविवारी आला. पावसानं उघडीप दिलेली, कापूस-सोयाबीनची खुरपणी जोरात, सगळं गाव रानात. पालक आले अकरा. त्यांच्यासोबत फोटो काढला आणि कार्यक्रम आटोपला. न आलेल्यांना दोष कसा देणार? खुरपणीचा रोज सोडून शाळेत या, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणून आम्ही तो दिवस सप्टेंबरात पुन्हा घेतला. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला गाव शाळेत येतंच. झेंडावंदन झाल्यावर लोकांना थांबवलं आणि नववीच्या वर्गात एका आईला बोलावलं. दरसाल नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणारी बाई. भाषण म्हटल्यावर ती मागं सरली. मी म्हणालो, "ताई, भाषण नको. नुसता हिशोब सांगा."

ती सांगत गेली, पोरं फळ्यावर मांडत गेली. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, एक लाख. तोडणीचा त्या सालचा दर टनाला ३६६ रुपये. म्हणजे उचल फिटायला २७३ टन. दिवसाला दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून दिली तर १३७ दिवस. साडेचार महिने, एकही खाडा न पडता. शेवटचा भागाकार तिच्याच मुलीनं केला आणि खडू हातात धरून ती तशीच फळ्यापाशी थांबली. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "अन् आजारी पडलं तर?"

आई म्हणाली, "मग पोरगी कोयता धरती."

तास सुटल्यावर ती व्हरांड्यात आमच्याजवळ आली आणि यंदा पोरीला कुणापाशी ठेवावं, हे बोलायला लागली. म्हातारी सासू सांभाळील का, वसतिगृहात जागा मिळेल का, सहामाही परीक्षा कधी. हे बोलणं जुलैत होत नाही. दसरा तोंडावर आला, मुकादमाच्या गाड्यांच्या तारखा ठरायला लागल्या की घराघरात सुरू होतं. नेमकं तेव्हा शाळेनं त्या घराच्या ओळखीचं असावं लागतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. नववीतली मुलगी त्या वयाच्या बाहेर पडते, म्हणून माध्यमिक शाळेला ही ओळख जास्तच जपावी लागते. ती मुलगी त्या साली आजीपाशी राहिली.

आपल्याकडे मागणं एवढंच आहे. मराठवाड्यात समुदाय सहभागाचा दिवस १७ सप्टेंबरच्या आठवड्यात घ्यायची मुभा द्या. त्या दिवशी वर्गात कुणाला बोलवायचं, ते शाळा आणि गाव मिळून ठरवू देत. किल्लारीच्या पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप अंगावर झेललेली माणसं भूगोल शिकवतील. पैठणचा विणकर पैठणीच्या काठावरची नक्षी दाखवून भूमिती शिकवील. ही माणसं पुस्तकाच्या बरोबरीनं वर्गात उभी राहायला हवीत, आणि ती आपापल्या गावातच आहेत.

दुसरं, रोज बुडवून जो माणूस वर्गात येतो, त्याला त्या दिवसाच्या मानधनाची तरतूद करा. बाहेरून व्याख्याता आला तर आपण त्याचा प्रवासखर्च पाहतो. या आईला आम्ही शाल आणि नारळ देऊ शकलो. रोज तिचा बुडालाच.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी निर्णय कळवलात, तर आम्हाला वार्षिक नियोजनात हा दिवस धरता येईल.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक गणित शिक्षक